ब्रँडीतला बाप

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला त्यानं मुलीवर हात उचलला आणि मुलीनं कोपर वाकवून तोंडापुढं धरलं. झालं ते एवढंच. हात वरच राहिला. मग त्या हाताचं काय करावं हे त्यालाच कळेना, म्हणून तो डोक्यामागं गेला आणि उगाच मान खाजवू लागला. पण कोपर वर गेलं ते गेलंच. नऊ वर्षांत या पोरीला कुणी टपलीसुद्धा मारली नव्हती. मग हे कोपर तिला शिकवलं कुणी? त्याला स्वतःला ते शिकायला एक अख्खा हिवाळा लागला होता. सुरुवातीला तो तळहात पुढं करायचा, तर बोटं सुजायची आणि शाळेत लिहिता यायचं नाही. मग डोकं गुडघ्यात घालून बघितलं, तर पाठ उघडी पडायची. कोपर सापडलं ते फार उशिरा. डोळा, नाक आणि कान, तिन्ही एका हाडाआड मावतात आणि मारणाऱ्याच्या बोटांना उलट थोडंफार लागतंसुद्धा. मार खाऊन कमावलेली विद्या होती ती. आणि ही मुंगी (घरीदारी सगळे तिला मुंगीच म्हणत, इतकी बारकी आणि सतत कशात तरी गुंतलेली) ती विद्या आईच्या पोटातूनच घेऊन आल्यासारखी बसली होती. दुसऱ्या हातात संत्र्याची फोड, आणि तीही खाली न पडू देता.

कारण ऐकलं तर कुणी हसेल. दर रविवारी जेवणाआधी तो ब्रँडीचे दोन पेग घ्यायचा आणि मुंगीला तिच्या आजोबांची गोष्ट सांगायचा. आजोबा दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे. ते त्याला डोळे मिटायला लावायचे, तळहातावर पितळी वजनं ठेवायचे आणि विचारायचे, सांग किती. तो सांगायचा, वीस ग्रॅम. मग आजोबा म्हणायचे, पोरा, तुझा हात माझ्यापेक्षा खरा आहे. या जागी त्याचे डोळे भरून यायचे, आणि ब्रँडीचा हाच तर गुण, अशा समाधानात तो दुसरा पेग संपवायचा. या रविवारी मुंगी संत्रं सोलत म्हणाली, "मागच्या रविवारी गोष्टीत आजोबा 'माझ्याइतका खरा' म्हणाले होते. त्याच्या आधी काहीच म्हणाले नव्हते, नुसते हसले होते. नक्की काय झालं होतं बाबा?" तिच्या आवाजात खोडी नव्हती. तिला खरंच हवं होतं ते. आणि त्याचा हात उठला.

बायको स्वयंपाकघरातून आली, तिच्या बोटांना उकडलेल्या अंड्याची टरफलं चिकटलेली. तिनं दोघांकडं पाहिलं, मग टेबलावरची बाटली उचलून उजेडाकडं फिरवली आणि लेबल वाचलं.

"ब्रँडीच आहे की ही."

"हो."

"मग हा कोण होता?"

आवाज न चढवता विचारून ती परत आत गेली आणि उरलेली अंडी सोलू लागली. टरफलं फुटण्याचा बारीक आवाज त्याला बाहेर ऐकू येत राहिला. लग्नाआधी त्यानं तिला छाती ठोकून सांगितलं होतं, मी पितो, पण फक्त ब्रँडी. ब्रँडीनं आमच्या घरात कधी कुणाच्या केसाला धक्का लागलेला नाही. तिनं ते मान्य केलं होतं. पाहुणे व्हिस्की घेऊन आले तर तीच दारात म्हणायची, आमच्याकडं ती चालत नाही. एखाद्याला काजू सोसत नाहीत ना, तसं.

हे शास्त्र बापाचं होतं. बाप वजनकाट्यांचा माणूस, सगळ्या गोष्टींचं मापच काढायचा. बिअर पोटात राहते, म्हणायचा, व्हिस्की डोक्यात जाते, रम मनगटात उतरते आणि ब्रँडी थेट काळजाला. पुराव्यादाखल तो सबंध गल्ली उभी करायचा. वरच्या मजल्यावरचा शिंपी व्हिस्की घेतली की भावकीच्या जुन्या भांडणांचे निकाल लावतो, कोपऱ्यावरचा न्हावी बिअर घेतली की वीस वर्षांपूर्वीचेच विनोद सांगतो. आणि मी, म्हणायचा, रम घेतली की माझा मी राहत नाही, तेव्हा माझ्या वाटेला जाऊ नका, आधीच सांगून ठेवतोय. नंतर कुणी बोल लावायचा नाही. एवढं बजावून तो रम प्यायचा. त्या एका वाक्यात सगळं बसायचं, आईचा पुढचा दात, त्याची सुजलेली बोटं, खुंटीवरून काढलेला पट्टा. दुसऱ्या दिवशी बाप कोवळ्या उन्हात गरीब चेहऱ्यानं बसायचा आणि म्हणायचा, रम वाईट. आई म्हणायची, हो, वाईट. तो सात वर्षांचा होता आणि त्यालाही ते पटायचं, कारण न पटवून करणार काय? बाप वाईट म्हटला की दुसरा कुठून आणायचा? रम वाईट म्हटली की बाप शिल्लक उरायचा.

मग तो आठ वर्षांचा झाला आणि घरात ब्रँडी येऊ लागली. अचानक, उन्हं बदलावीत तशी. बाप तोच, खुर्ची तीच, बनियनच्या बगलेतलं भोकसुद्धा तेच, पण शनिवारी संध्याकाळी तो त्याला हाक मारायचा, डोळे मिट म्हणायचा. तळहातावर वजन यायचं, गार, गुळगुळीत, बुडाला बारीक खाच. बापाच्या बोटांना काट्याच्या तेलाचा वास. सात वर्षं, बाप मरेपर्यंत. मेला तो यकृतानं. त्याचं शास्त्र यकृताला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या सात वर्षांवर मुलानं आपलं सगळं आयुष्य उभं केलं होतं. नोकरी लागली तेव्हा पहिली बाटली ब्रँडीची आणली, एकट्यानं घेतली आणि आरशात बघत बसला, काळजाला जाते का. गेल्यासारखी वाटली. त्यानंतर पंधरा वर्षं त्यानं दुसऱ्या दारूला हात लावला नाही, आणि या संयमाचा त्याला अभिमान होता. अभिमान कसला, कुंपण होतं ते. कुंपणाच्या आत चांगला बाप, बाहेर वाईट बाप, आणि तो आतल्याचा मुलगा.

आता यात मूर्खपणाची कमाल अशी की तो काम करायचा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आणि रक्तातली दारू मोजणं हाच त्याचा विभाग होता. सोमवारी सकाळी, हात उचलल्याला वीस तास झाले होते तेव्हा, एका ट्रकवाल्याला धरून आणलं. तो नळीत उतरणाऱ्या आपल्याच रक्ताकडं बघत म्हणाला, "साहेब, नुसती बिअर होती. बिअर दारूत धरत नाहीत."

"यंत्राला सांगा," शेजारच्या टेबलावरचा जाड चष्म्याचा सहकारी म्हणाला. "त्याला फार माया आहे."

यंत्र घरघरलं, एक आकडा आला. आकड्याखाली ओळ नव्हती, की कुठली, कुणाबरोबर, कुठल्या दुःखात. गेली पंधरा वर्षं तो हा आकडा वाचत होता. बाटलीवर काही लिहिलेलं असो, रक्तात गेल्यावर एकच पदार्थ उरतो हे त्याला तोंडपाठ होतं, नव्या लोकांना तोच शिकवायचा. आणि घरी जाऊन तोच माणूस ब्रँडी काळजाला जाते म्हणून डोळे पुसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काल मात्र मुंगीनं कोपर वर केलं आणि डोक्यातल्या या दोन्ही खोल्यांमधली भिंत पडली. एकच पदार्थ असेल, तर ब्रँडीतला बाप आणि रममधला बाप एकच. एकच असेल, तर वजनं ठेवणारा हात आणि पट्टा काढणारा हात एकच. मग तो कुणाचा मुलगा? ट्रकवाला सही करताना म्हणाला, "जास्त आलं का?" तो म्हणाला, "हो." आणि ते आपण कुणाला सांगितलं, हे त्याला नीट कळलं नाही.

पाळी संपल्यावर तो घरी न जाता आईकडं गेला. आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, एक खोली, एक गॅलरी, गॅलरीत दोन कुंड्या. तिनं सगळी उमर दारूच्या कारखान्यात काढली होती, आधी परत आलेल्या बाटल्या धुवायला, मग लेबलं चिकटवायला. धुण्याच्या सोड्यानं तिच्या बोटांवरच्या रेषा गेलेल्या, बोटं अगदी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. तो आला तेव्हा ती त्याच आनंदात होती. "आज सरकारी कचेरीत अंगठा घेत होते," ती म्हणाली, "उमटेचना. तिथला बाबू म्हणतो, आजी, तुम्ही चोरी केलीत तर कुणाला सापडायची नाही. मी म्हटलं, केलीय की, नाहीच सापडली." आणि पुढचा दात नसलेलं तोंड उघडून हसली. त्याला हसू आलं नाही तसं तिनं चहाचं आधण बंद केलं आणि समोर येऊन बसली.

"मुंगीवर हात उचलला मी," तो म्हणाला.

"लागला?"

"नाही. थांबला."

"तू थांबवलास का थांबला?"

"तिनं कोपर वर केलं," तो म्हणाला.

आई बराच वेळ स्वतःच्या कोपराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काय प्यायला होतास?"

"ब्रँडी. दुसरं काय पितो मी?"

"ब्रँडी," ती म्हणाली, आणि त्या शब्दाला तिनं एखाद्या लबाड पण लाडक्या भाच्याचं नाव घ्यावं तसा आवाज लावला. "अरे बाबा, तुझ्या बापानं त्या सात वर्षांत ब्रँडी महिन्याकाठी एकदा प्यायली असेल तर असेल. बाकी सगळी रम."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं आणि दुसरा कुणी येऊ दे, येऊ दे म्हणत होता. आई सांगत गेली, भाजी निवडताना सांगावं तसं. ज्या बाटल्यांवर लेबल तिरकं बसायचं त्या बाजारात जायच्या नाहीत, शनिवारी कामगारांत वाटून टाकायच्या. दोन बाटल्या तिच्या वाट्याला. रमच्या टेबलावर एक म्हातारी होती, तिचा हात कापायचा, म्हणून तिरकी निघायची ती रमच. "ती बिचारी रोज म्हणायची, बायांनो, माझ्यामुळं तुमच्या नवऱ्यांची चैन. तिला काय सांगू, तुझा हात कापतो आणि माझा दात पडतो?" बाटली घरी नेली नाही तर बाप कारखान्याच्या फाटकावर येऊन उभा राहायचा. नेली तर रम. मग एक दिवस धुवायला आलेल्या बाटल्यांमध्ये ब्रँडीचं एक लेबल फुलासारखं सबंध सुटून पाण्यावर आलं. तिनं ते अॅप्रनच्या खिशात टाकलं. पुढं जमवतच गेली. रमचं लेबल काढायचं तर गरम पाण्यात चिमूटभर सोडा आणि शंभर आकडे मोजायचे. नव्वदला फाटतं, एकशेदहाला लगदा होतो. मग पिठाची खळ लावून ब्रँडीचं बसवायचं, आणि बसवायचं ते तिरकं, नाहीतर ही बाटली वाटपात आली कशी?

"तेच अवघड गेलं बघ," ती म्हणाली. "माझा हात सरळ. मुकादम नव्या बायांना माझ्या बाटल्या दाखवायचा. मला तिरकं लावताच येईना. लावायला जावं तर सरळच बसायचं. कपाटाआड उभी राहून लावायची, काढायची, लावायची. तुझा बाप म्हणायचा, तुमच्या कारखान्यात ब्रँडी सरळ लावायला कुणी शिकलेलं दिसत नाही. मी म्हणायची, नाही हो, सगळ्या आंधळ्या बाया."

"वासावरून कळलं नाही त्याला? चवीवरून?"

"जळकी साखर घालायची थोडी. आणि आमच्या स्वस्तातल्या मालात फरक तो कितीसा. पहिला पेला तर तो बिनपाण्याचा घशात ओतायचा. त्यानंतर त्या जिभेला रॉकेल दिलं असतं तरी चाललं असतं."

त्याच्या आत काहीतरी फार वेगानं फिरत होतं आणि ते राग आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. रम पिऊन तो माणूस सात वर्षं शनिवारच्या शनिवार खुर्चीत शांत बसू शकत होता. पोराच्या तळहातावर वजन अलगद ठेवू शकत होता. म्हणजे आधीही जमलं असतं. दाताच्या दिवशी जमलं असतं. पट्टा खुंटीवरून काढायला उठला तेव्हा त्याला परत बसता आलं असतं, पाय त्याचेच होते. "म्हणजे तो मारायचा," तो म्हणाला. "रम नाही. तोच."

"रम कशाला मारेल?" आई म्हणाली. "तुला आज कळतंय हे? एवढं शिकून?"

"मग सांगितलं का नाहीस त्याला? तोंडावर. की बघ, रमच पितोयस आणि माणसासारखा वागतोयस, आता बोल?"

"चालत्या गाड्याला खीळ घालू? मला भांडण जिंकायचं नव्हतं रे, मला तुझी बोटं वाचवायची होती." ती थांबली. "काही लोकांना चांगलं वागायची लाज वाटते. वाईट वागायला त्यांच्याकडं कारण असतं, तसं चांगलं वागायलाही लागतं. त्याला मिळत नव्हतं. मी चिकटवलं."

ती हे उपकाराच्या सुरात बोलली नाही. आठवड्याला दोन बाटल्या, वर्षाला शंभरावर, सात वर्षं. प्रत्येक बाटलीला शंभर आकडे. तो झोपलेला असताना किंवा शाळेत असताना ही बाई कपाटाआड उभी राहून पुटपुटत मोजत असणार, आणि आपल्या सरळ हाताला वाकडं जायला शिकवत असणार. जगात बायकांना मारणाऱ्यांची वर्णनं पुष्कळ झाली, त्यांच्या दुःखांची, त्यांच्या व्यसनांची. खळ कालवणारीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्याला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं, पण तिनं त्यालाही नावं ठेवली असती. त्यानं नुसता तिचा अंगठा हातात घेतला. त्यावर एकही रेघ नव्हती. आपलं बालपण जर कुठं लिहिलेलं असेल तर इथं, या कोऱ्या जागी, असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले. दारूचा थेंब पोटात नसताना.

"त्याला कधीच कळलं नाही?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

आईनं अंगठा सोडवून घेतला नाही. "कळलं," ती म्हणाली. "निदान मला तरी वाटतं, कळलं. अगदी पहिल्याच बाटलीला. खळ ओली होती, मला घाई झाली होती. त्यानं बाटली उचलली तर लेबल त्याच्या अंगठ्याखाली सरकलं. सरकलं म्हणजे चांगलं दोन बोटं सरकलं. त्यानं अंगठा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी दाराकडं सरकायला लागले होते, तू मोरीत पाय धूत होतास, तुला हाक मारायची आणि पळायचं, एवढंच डोक्यात. अर्ध्या ग्रॅमचा फरक पकडणारा माणूस तो, त्याला काय दिसणार नाही? बराच वेळ बसला तसाच. मग त्यानं लेबल हातानं नीट दाबून बसवलं, अंगठा पँटला पुसला, आणि म्हणाला, आज ब्रँडी वाटतं. मी म्हटलं, हो. आणि तुला हाक मारली त्यानं. डोळे मिट म्हणाला."

गॅलरीतून ऊन आत आलं होतं आणि चहाच्या निवलेल्या पातेल्यावर बसलं होतं. तो ते बघत राहिला. बापानं लेबल दाबून बसवलं. स्वतःच्या हातानं. त्याला माहीत होतं की आत रम आहे, की मनगटात काही उतरत बितरत नाही, की आपण आजवर काय केलं. सगळं शास्त्र त्याच्या अंगठ्याखाली सरकलं होतं, आणि त्यानं आरडाओरडा न करता ते परत जागेवर बसवलं, कारण तेवढ्याच वाटेनं त्याला पोरापर्यंत येता येत होतं. भेकड होता. माफी मागायचं धाडस नव्हतं त्याच्यात, म्हणून सात वर्षं तो ब्रँडी प्यायल्याचं नाटक करत राहिला. दात परत आला नाही. पण नाटक तो कधी चुकला नाही, एकाही शनिवारी नाही. दोन बाप नव्हते. एकच होता, आणि तो त्याचाच मुलगा होता, सगळ्याचा. हे स्वीकारताना काहीतरी फाटेल असं त्याला वाटलं होतं. फाटलं नाही. उलट पाठीवरून कुणी पोतं उतरवून घ्यावं तसं झालं.

"आणि मला काय चिकटवशील?" त्यानं विचारलं.

"तुला?" आईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू रक्तात बघणारा माणूस. तुला कुठला कागद पुरणार? तू जा आपला बिनलेबलाचा घरी. जाताना अंडी घेऊन जा, बायको एकटीच सगळं आणते."

तो घरी पोचला तेव्हा दिवस मावळायला अजून अवकाश होता. बायकोनं दार उघडलं, त्याच्या हातातली अंडी घेतली आणि काही विचारलं नाही. मुंगी टेबलाशी मोठा कागद पसरून बसली होती. शाळेसाठी कसला तरी नकाशा काढायचा होता, वर्गाचा, खिडक्या-दारांसकट. तो समोर बसला. तिनं कागद जरासा स्वतःकडं ओढला. जराच. त्यानं ते पाहिलं, आणि ती उघड ओढते आहे, लपवत नाही, याबद्दल त्याला बरं वाटलं.

"मुंगे, काल तो हात माझा होता," तो म्हणाला. "ब्रँडीमुळं नव्हता झाला."

"तुझाच होता," ती म्हणाली. "मी समोर बसले होते."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायको ऐकत होती.

"आणि आजोबा काहीच म्हणाले नव्हते. नुसते हसले होते. त्याच्या आधी ते मला मारायचे, तेही तेच आजोबा."

मुंगीनं यावर विचार केला. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, मग आईची सक्त मनाई आठवून काढलं. "परत उचलशील?"

नाही, हा शब्द त्याच्या ओठांवर तयार होता, चांगला रुबाबदार शब्द. त्यानं तो गिळला. "पिणं बंद," तो म्हणाला. "पण तेवढ्यानं भागत नाही. मला रोज लक्ष ठेवावं लागेल."

"मीपण ठेवीन," ती म्हणाली. दमदाटी नव्हती त्यात, कामाची वाटणी होती. मग तिनं पट्टी कागदावर आडवी ठेवली, एक टोक स्वतः धरलं, पण पट्टी लांब होती आणि दुसरं टोक सारखं सरकत होतं. दोनदा रेघ वाकडी गेली, दोनदा तिनं खोडली. तिसऱ्यांदा तिनं मान वर केली, त्याच्याकडं नाही, त्याच्या हाताकडं बघितलं, बराच वेळ.

"इथं दाब," ती म्हणाली. "आणि हलवू नकोस."

त्यानं हात ठेवला आणि दाबला. तिची पेन्सिल कडेकडेनं सरकत त्याच्या बोटांकडं येऊ लागली.